महिन्याला तीन हजार, पाच वर्षं: पैसे नक्की टाकायचे कुठे

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब मी बघते, पंधरा वर्षं होत आली. पगार झाला की दोन-तीन दिवस कोणी ना कोणी माझ्या टेबलापाशी येऊन थांबतं, कुणाला पीएफचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला गावाकडचं सोसायटीचं कर्ज फेडायचं असतं. गेल्या महिन्यात सीएनसी मशीनवरचे एक दादा आले. मुलगी नुकतीच सहावीत गेलीये, दहावी झाली की डिप्लोमा नाहीतर अकरावी सायन्स आणि क्लास, काहीही केलं तरी एकदम मोठी रक्कम लागणार, आणि आत्ता घरभाडं-किराणा-गाडीचा हप्ता जाऊन महिन्याला तीन हजार बाजूला पडू शकतात. हातात मोबाईल, त्यावर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ, पंधरा टक्के मिळतात म्हणणारा. "ताई, कुठे टाकू सांगा."

जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढते.

पहिलं म्हणजे हा काळ अवघड आहे हे मान्य करूया. वर्षभरात लागणारे पैसे असतील तर सरळ बँकेत ठेवायचे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. वीस वर्षांनी लागणार असतील तर शेअर बाजारातल्या फंडात टाकून विसरून जायचं, मधे चढउतार झाले तरी सावरायला वेळ आहे. पण तीन ते सात वर्षं हा जो मधला पट्टा आहे ना, त्यात बाजार सावरेलच याची खात्री नाही आणि नुसतं बचत खात्यात पडू दिले तर महागाई खाते. बरं, या पट्ट्यातल्या गरजा बहुतेक वेळा तारीख ठरलेल्या असतात. ॲडमिशन जूनमध्ये म्हणजे जूनमध्येच, फी भरायला "बाजार वर येऊ द्या मग भरतो" असं कॉलेजला सांगता येत नाही.

आता हिशेब. हा भाग जरा सावकाश वाचा कारण सगळी गोम इथेच आहे.

महिन्याला ३,००० असे ६० महिने, म्हणजे तुमच्या खिशातून गेले १,८०,०००. हेच पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत (रिकरिंग डिपॉझिट, दर महिन्याला ठरलेला हप्ता टाकायची ठेव) टाकले तर, ऑक्टोबर २०२३ ला जो ६.७ टक्के दर लागू झाला त्याने, शेवटी हातात येतात साधारण २,१४,१००. आता व्हिडिओवाल्याचं ऐकून म्युच्युअल फंडात एसआयपी (दर महिन्याला हप्त्याने गुंतवणूक) केली आणि समजा पंधरा नाही तरी वर्षाला १२ टक्के खरंच मिळाले, अगदी दर महिन्याला सारखे मिळत गेले, जे प्रत्यक्षात कधीच होत नाही, तरी येतात साधारण २,४७,५००. फरक किती? तेहतीस हजाराच्या आसपास. दादांना वाटत होतं दुप्पट तरी फरक असेल, कारण १२ हा आकडा ६.७ च्या जवळजवळ दुप्पट आहे.

असं का होतं? आपण म्हणतो "पाच वर्षं पैसे ठेवले", पण पाच वर्षं फक्त पहिला हप्ता राहतो. दुसरा एक महिना कमी, तिसरा दोन महिने कमी, आणि शेवटचा हप्ता तर एकच महिना राहतो. सगळ्या साठ हप्त्यांची सरासरी काढली तर साडेतीस महिने येते, म्हणजे तुमचा एकेक रुपया सरासरी अडीच वर्षंच कामाला लागतो. अडीच वर्षांत टक्क्यांना पळायला जागाच मिळत नाही. चक्रवाढीची जी गोष्ट सगळे सांगतात ती खरीच आहे, पण ती पंधरा-वीस वर्षांची गोष्ट आहे, पाच वर्षांच्या मासिक हप्त्याला लावली की माणूस भलत्या अपेक्षेने बसतो.

आणि आता हे बघा. तीन हजारांऐवजी साडेतीन हजार त्याच पोस्टाच्या आरडीत टाकले तर पाच वर्षांनी येतात साधारण २,४९,८००. म्हणजे १२ टक्क्यांच्या एसआयपीपेक्षाही थोडे जास्तच, आणि काही जोखीम न घेता. हो, खिशातून तीस हजार जास्त गेले हे खरंय, पण मुलीच्या ॲडमिशनच्या दिवशी खात्यात किती आहेत हा जर प्रश्न असेल तर उत्तर टक्क्यात कमी आणि हप्त्यात जास्त आहे. म्हणून मी सगळ्यांना आधी हेच विचारते की अजून पाचशे कुठून निघतील का, कुठला फंड चांगला हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

याच हिशेबातून उलटा हिशेब पण करता येतो, तो फार उपयोगी आहे. महिन्याला १ रुपया टाकला तर पाच वर्षांनी या दराने ७१ रुपये आणि वर थोडे पैसे होतात. म्हणजे पाच वर्षांनी जेवढी रक्कम हवी तिला ७१ ने भागा, हप्ता मिळाला. दादांचा अंदाज होता की आज असा खर्च दोन लाखांच्या घरात जातो. पण आजचे दोन लाख पाच वर्षांनी दोन लाख राहणार नाहीत, वर्षाला ६ टक्क्यांनी खर्च वाढतो धरला तरी २,६७,००० च्या पुढे जातात. भागिले ७१, म्हणजे हप्ता साधारण ३,७५०. आता निदान समोर आकडा आहे, नुसतं "जमेल तेवढं टाकू" नाही.

आता आरडीबद्दल नीट सांगते कारण सगळ्यांना वाटतं की आरडी काय, त्यात समजून घेण्यासारखं काय आहे. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पुढे दहाच्या पटीत कितीही. दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, पण तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाचही वर्षं तुमच्यासाठी तोच राहतो, म्हणून उघडायच्या आधी चालू दर विचारून घ्या आणि वरचे माझे आकडे त्याप्रमाणे थोडे इकडेतिकडे करा. व्याज तीन महिन्यांनी चक्रवाढ होतं. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया महिना असा दंड, म्हणजे तीन हजारांच्या हप्त्याला तीस रुपये, आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडलेलं धरतात, मग दोन महिन्यांत थकलेलं भरून ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं.

एक नियम मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि तो फार लागतो. तीन वर्षं झाल्यावर आरडी मोडता येते, पण मोडली की ६.७ टक्के मिळत नाहीत, पोस्टाच्या बचत खात्याचा दर मिळतो, म्हणजे ४ टक्के, आणि हे अगदी मुदत संपायच्या एक दिवस आधी मोडली तरी. त्यामुळे मधेच दवाखाना वगैरे निघाला तर मोडायच्या ऐवजी त्याच आरडीवर कर्ज घ्या, बारा हप्ते भरून वर्ष झालं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळतं. आणि ज्यांना तीनच वर्षांनी पैसे लागणार आहेत त्यांनी पोस्टाच्या वाटेला जाऊच नये, बँकेची आरडी करावी, तिथे बहुतेक ठिकाणी सहा महिने-वर्षापासून दहा वर्षांपर्यंत हवी ती मुदत निवडता येते.

बँक म्हटलं की पुणेकराला पुढचा प्रश्न पडतोच, पडायलाच हवा, की बँक बुडाली तर? पुण्यातल्या रुपी या सहकारी बँकेचं सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे, २०१३ मध्ये पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये लायसन्स रद्द झालं, मधली सगळी वर्षं पेठांमधली म्हातारी माणसं हातात पासबुक घेऊन वाट बघत होती. निर्बंध आले तेव्हा ठेवींवरचा विमा होता १ लाखाचा. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून. आणि २०२१ मध्ये कायदा बदलला, आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याइतकी रक्कम ९० दिवसांत द्यायची असं त्यात आहे. सहकारी बँकाही यात येतात. आपली दोन-अडीच लाखांची आरडी या मर्यादेत आरामात बसते, त्यामुळे बँकेतल्या आरडीची फार धास्ती घ्यायचं कारण नाही, त्याच बँकेत तुमच्या दुसऱ्या ठेवी किती आहेत तेवढं मोजा.

पण पतसंस्थेला हा विमा नाही. हे मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहितेय. बँक आणि पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरून काउंटर, पासबुक, मॅनेजरची केबिन सगळं सारखं दिसतं, पण पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिथल्या ठेवीला तो ५ लाखांचा विमा लागू होत नाही. माझ्या वडिलांचं दुकान होतं, छोटंसं, रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, कधी पन्नास कधी शंभर घेऊन जायचा, पावती द्यायचा. ओळखीचा माणूस, घरी चहाला थांबणारा, व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. माझ्या लग्नासाठी जमवत होते. ती पतसंस्था अडचणीत आली आणि वडील दोन वर्षं चकरा मारत राहिले, पैसे आले ते तुकड्यातुकड्यात आणि पूर्ण आलेच नाहीत. लग्न काकांच्या उसन्या पैशावर झालं. चांगल्या पतसंस्था आहेत, खूप आहेत, पण तारीख ठरलेल्या गरजेचा सगळा पैसा तिथे ठेवू नका एवढं मी हात जोडून सांगते.

आता एसआयपी. ती वाईट आहे असं मी बिलकुल म्हणत नाहीये, मी स्वतः करते. आधी हे कळलं पाहिजे की एसआयपी हे कुठल्या योजनेचं नाव नाही, ती फक्त हप्त्याने फंड घ्यायची पद्धत आहे. "एसआयपीत पैसे टाकले" म्हणजे "ईएमआयवर घेतलं" म्हटल्यासारखं झालं, काय घेतलं ते विचारायचं राहिलंच. निफ्टी इंडेक्स फंड घेतला तर तुमचे पैसे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये वाटले जातात. फंडाच्या एका युनिटचा, म्हणजे हिश्श्याचा, भाव ३० असताना तीन हजार टाकले तर १०० युनिट मिळाले, पुढच्या महिन्यात भाव २५ झाला तर १२० मिळाले. दोन्ही मिळून सहा हजारांत २२० युनिट, म्हणजे सरासरी २७ रुपये २७ पैसे, आणि दोन भावांची सरासरी मात्र साडेसत्तावीस. पडत्या भावात आपोआप जास्त युनिट येतात, फायदा आहे तो हा.

पण हा फायदा सुरुवातीला मोठा असतो आणि शेवटी जवळजवळ नाहीसा होतो, हे कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी बाजार ३० टक्के पडला तर तुमचे आत असतात तीस-पस्तीस हजार, नुकसान कागदावर दहा हजारांचं आणि पुढचे सगळे हप्ते स्वस्तात. तोच बाजार शेवटच्या वर्षी पडला तर आत असतात सव्वादोन-अडीच लाख, त्यावर ३० टक्के म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास एका फटक्यात, आणि नवीन तीन हजारांच्या हप्त्याने ती तूट भरून निघत नाही. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, झालेलं आहे. २३ मार्च २०२० ला निफ्टी, म्हणजे त्या ५० कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक, ७,६१० वर बंद झाला, त्याआधी जानेवारीत तो १२,००० च्या वर होता. ज्यांनी एप्रिल २०१५ पासून इमानेइतबारे पाच वर्षं इंडेक्स फंडात हप्ते भरले होते त्यांना त्या दिवशी पैसे काढावे लागले असते तर भरलेली मुद्दलसुद्धा पूर्ण मिळाली नसती. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निफ्टी पुन्हा जुन्या उच्चांकाच्या वर होता. म्हणजे ज्याला आठ महिने थांबता आलं त्याचं काहीच बिघडलं नाही, ज्याची फी जूनमध्ये होती तो अडकला.

तुम्हाला थांबता येतं का, एवढ्यावर सगळं ठरतं. पाच वर्षांनी गाडी बदलायचीये, एखादं वर्ष पुढे ढकललं तरी चालेल? मग थोडा जास्त भाग फंडात टाका. ॲडमिशन, लग्न, फ्लॅटचं डाउन पेमेंट, यात तारीख हलत नाही, तिथे मोठा भाग आरडीत. दादांना मी असं मांडून दाखवलं: तीनपैकी दोन हजार आरडीत, त्याचे पाच वर्षांनी साधारण १,४२,७०० नक्की. उरलेले एक हजार इंडेक्स फंडात, १२ टक्क्यांनी चालला तर ८२,५०० च्या आसपास, एकूण सव्वादोन लाख. आणि अगदी शेवटी तो फंड ३० टक्के पडला तरी त्याचे ५७-५८ हजार राहतात, एकूण दोन लाख, म्हणजे भरलेल्या १,८०,००० पेक्षा वरच. वाईट झालं तर काय होईल ते असं आधी कागदावर बघून घेतलं की झोप लागते.

मुदत सात वर्षांची असेल तर मी निम्मं-निम्मं म्हणेन, पण एक अट, शेवटची दोन वर्षं उरली की फंडातले पैसे हळूहळू काढून एफडीत न्यायला लागायचं, बाजार किती का जोरात असेना. जोरात असताना काढायचं जिवावर येतं, म्हणून आत्ताच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवा. आणि मुदत तीन वर्षं किंवा कमी असेल तर शेअर बाजार नाहीच, कितीही छान व्हिडिओ आला तरी.

सराफाच्या स्कीमबद्दल पण विचारतात, लक्ष्मी रोडला खरेदीला गेलं की कुणीतरी फॉर्म हातात देतंच. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही. ती अकराचीच का असते माहितीये? वस्तूसाठी घेतलेले आगाऊ पैसे कंपनीने ३६५ दिवसांच्या आत वळते केले नाहीत तर कायद्याने ती ठेव धरली जाते, म्हणून सगळं वर्षाच्या आत बसवलेलं असतं. शेवटी बहुतेक ठिकाणी दागिनाच घ्यावा लागतो, त्यावर घडणावळ आणि जीएसटी, आणि विमा वगैरे काही नाही. घरात खरंच दागिना करायचा असेल तर घ्या, फीसाठी पैसे जमवायची ही जागा नाही.

विमा पॉलिसीत बचत, हे पाच वर्षांच्या गरजेला नकोच, मधेच थांबवली तर भरलेलं सगळं परत येत नाही. टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला नुसता आयुर्विमा, मात्र घ्या, तो वेगळा विषय आहे. टॅक्स वाचवणारे ईएलएसएस फंड पण इथे फसवतात, तीन वर्षं पैसे काढता न येण्याचं लॉक-इन प्रत्येक हप्त्याला वेगळं असतं, म्हणजे पाच वर्षं हप्ते भरले तर शेवटचा हप्ता सुटायला आठवं वर्ष उजाडतं. आणि पीपीएफ पंधरा वर्षांचं आहे, उत्तम आहे, पण या कामाचं नाही.

टॅक्सचं थोडक्यात. आरडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवतात आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो, पण एप्रिल २०२५ पासून नवीन करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे आमच्या शॉपवरच्या बहुतेकांना ही काळजीच नाही. शेअर फंडात वर्षाच्या वर ठेवलेल्या युनिटच्या नफ्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढे साडेबारा टक्के. आपल्या रकमेला सव्वा लाख नफा पाच वर्षांत व्हायचा नाही. फक्त हे "वर्ष" प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजतात, म्हणून सगळे एकदम काढले तर शेवटच्या बारा महिन्यांच्या हप्त्यांवरच्या नफ्याला २० टक्के लागतो आणि बऱ्याच फंडांत एक टक्का एक्झिट लोडही, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क.

दादांनी शेवटी काय केलं ते सांगते. दोन दिवस घरी बोलून आले आणि म्हणाले, ताई, ही फी आहे, मला रात्री बाजार बघत बसायचं नाही, सगळं पोस्टातच टाकतो, पण साडेतीन टाकतो, महिन्यातला एक ओव्हरटाइम त्यासाठीच. मला बरं वाटलं, मी कुठे आग्रह केला नाही. एकच गोष्ट बदलायला लावली. ते महिनाअखेरीला, गावाहून आल्यावर खातं उघडणार होते. पोस्टात १५ तारखेपर्यंत आरडी उघडली तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेच्या आत भरावा लागतो आणि १६ नंतर उघडली तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. आमचा पगार १० तारखेला होतो, महिनाअखेरीपर्यंत कुणाच्या खात्यात साडेतीन हजार शिल्लक राहतात? म्हणून १२ तारखेलाच अर्धा दिवस सुट्टी टाकून जाऊन आले. दिवाळीच्या बोनसमधून सहा हप्ते एकदम आगाऊ भरायचं ठरलंय, त्यावर पोस्ट एका हप्त्याच्या रकमेवर शंभराला दहा रुपये सूट देतं, म्हणजे त्यांना ३५० रुपये. खातं स्वतःच्या नावाने आहे, नॉमिनी म्हणून बायकोचं नाव टाकलं, आणि पासबुकावर पेन्सिलने मुलीचं नाव लिहून आणलं होतं मला दाखवायला.